ओल्मेदालांचा लांडगा आणि खोगीरवाल्याची बायको

मेल्चोर कार्रास्कालने भर बाजारात "दोन्या ब्रियांदा!" अशी हाक मारली, तेव्हा ब्रियांदाने आधी मागे वळून पाहिलं. मागे एक गाढव होतं, आणि ते नर होतं. म्हणजे हाक आपल्यालाच आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तोरेल्बात 'दोन्या' म्हणत ते फक्त खानदानी बायकांना. तशा गावात दोनच होत्या, आणि त्यातली एक ठार बहिरी असल्यामुळे तिला कोणी काहीच म्हणत नसे. ब्रियांदा ही खोगीरवाल्या अंतोलीनची विधवा. तिला लोक 'अगं' म्हणत, 'ए खोगीरवाली' म्हणत, आणि उधारी मागायची असली तर 'मावशी' म्हणत.

तिसऱ्या दिवशी मेल्चोरकडून मेंढीच्या दुधाचं चीज आलं. अख्खं, जात्याच्या तळीएवढं.

ब्रियांदाने ते वरून पाहिलं, खालून पाहिलं, हुंगलं, आणि शेजारच्या तोरिबियाला हाक मारली. तोरिबिया गावची भट्टीवाली. सगळ्या गावाचे पाव तिच्याकडे भाजायला जात, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला त्या घराच्या आधी कळे.

"खाऊन बघ," ब्रियांदा म्हणाली.

"मी का? तुला आलंय."

"मला आलंय म्हणूनच."

तोरिबियाने मोठा तुकडा तोडून खाल्ला, मग दुसरा खाल्ला. "चांगलं आहे गं ब्रियांदे. विष असलं तरी चांगलं आहे."

"विषाची भीती कुणाला आहे? हे चांगलं आहे हीच तर भीती. कार्रास्कालच्या घरातून आजवर कुणाला काही फुकट मिळालंय?"

तोरिबियाने आठवून पाहिलं. "माझ्या आजोबांना एक लाथ मिळाली होती," ती म्हणाली. "तीही मेल्चोरच्या बापाच्या खेचराची."

मेल्चोरचा बाप एका खेचराबरोबर गावात आला होता. कुठून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो स्वतः सांगे, उत्तरेच्या डोंगरातून. आणि उत्तरेच्या डोंगरात म्हणे झाडून सगळे खानदानी. यावर तोरिबियाचं म्हणणं असं की तिथे धुकं फार, त्यामुळे त्यातून कोण बाहेर पडलं हे पाहिलंय कुणी? ते काही असो. बापाने लोकर वाहिली, मुलाने ती विकली, आणि आता चौकात मेल्चोरचं दोन सज्जांचं दगडी घर उभं होतं. दाराच्या डोक्यावर मात्र गवंड्याकडून त्याने एक चौकोन कोरा ठेवून घेतला होता. तिथे घराण्याची खूण कोरलेली दगडी ढाल यायची होती. घराणं तेवढं अजून यायचं होतं.

ब्रियांदाचं उलटं. तिच्या माहेरी घराणं होतं आणि घर नव्हतं. ओल्मेदाल हे जुनं नाव. तिच्या बापाने जन्मभर नांगराला हात लावला नाही, कारण खानदानी हाताला नांगर वर्ज्य. मग नांगरायची जमीन एकेक करून गेली, आणि शेवटी न नांगरण्यासारखंही काही उरलं नाही. उरली ती गावच्या चर्चमधली उजव्या हाताची एक कमान. तिच्याखाली ओल्मेदालांची थडगी, आणि वर दगडी ढालीवर एक लांडगा. ब्रियांदा वीस वर्षांची असताना अंतोलीन त्यांच्या दारी खोगीर विकायला आला. घोडा तीन वर्षांपूर्वीच विकलेला होता. पण हे त्याला सांगायची बापाला लाज वाटली, म्हणून बापाने भाव करत त्याला चार वेळा यायला लावलं. चौथ्या खेपेला अंतोलीन खोगीर ठेवून ब्रियांदाला घेऊन गेला. लग्नात बाप एवढंच म्हणाला, "ढालीवरून उतरलीस ती थेट पेंढ्यावर."

साध्या माणसाशी लग्न केलं की खानदानी बाई साधी होते, आणि खानदान्यांना माफ असलेला कर तिला लागू होतो. लग्नानंतरच्याच हंगामात करवसुलीवाला तिच्या दाराशी उभा राहिला. ब्रियांदाने त्याच्या हातातल्या पिशवीकडे, मग नवऱ्याकडे संशयाने पाहिलं. "हा दरवर्षी येतो?" तिने विचारलं. अंतोलीन हसत सुटला. तिच्या संशयाला तो जन्मभर असाच हसत राहिला. तो खोगिरात राय धान्याचा पेंढा ठासून भरायचा, आणि ती मागून हात घालून बघायची, त्याने मधे गवत तर नाही ना कोंबलं. कधीच कोंबलेलं नसे. तरी ती बघायची, आणि तोही बघू द्यायचा.

मागच्या हिवाळ्यात तो तापाने गेला. चर्चच्या दारापाशी, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडतात त्या फरशीखाली त्याला ठेवला. तोरेल्बात बायका रविवारी आपापल्या माणसाच्या फरशीवर बसतात. समोर मेणबत्ती लावायची, पाव ठेवायचा, आणि प्रार्थना संपेस्तोवर उठायचं नाही. ब्रियांदा दर रविवारी बसे. तिची स्वतःची जागाही त्याच फरशीखाली ठरलेली होती. जगात जिच्याबद्दल तिला संशय नव्हता अशी गोष्ट कोणती म्हणाल, तर ती फरशी.

चीजनंतर डुकराची मांडी आली. मांडीनंतर फादर फ्रोइलानला बरोबर घेऊन खुद्द मेल्चोर आला. जून महिन्यात त्याने केसाळ कातड्याची किनार लावलेला झगा घातला होता, आणि घाम पुसायलाही तो खानदानी रीतीने, बोटाच्या टोकाने, शिकत होता. ब्रियांदाची मुलगी कासिल्दा कोपऱ्यात पेंढा भरत होती. तिने हात थांबवले आणि कान सुरू केले.

"दोन्या, मी सरळ माणूस आहे," मेल्चोर म्हणाला.

"सरळ माणसं हे सांगत बसत नाहीत. पण बोला."

"मला बायको हवी आहे."

"फादर कशाला आणलेत मग? ते देऊ शकणार नाहीत."

फादर खोकले. मेल्चोर म्हणाला, "मला तुम्ही हव्या आहात."

ब्रियांदाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेली बाई; दाभण टोचून टोचून बोटांची चाळण झालेली, वरच्या बाजूचे दोन दात गेलेले. "मी हवी आहे," तिने विचारलं, "की माझ्या बापाची कमान?"

"कमान," मेल्चोर म्हणाला.

एवढा खरेपणा तिला अपेक्षित नव्हता. तिचा संशय क्षणभर कमी झाला, आणि तो कमी झाल्याचं लक्षात येताच दुप्पट झाला.

मग मेल्चोरने सगळं मांडलं. जुना कायदा अजून जिवंत होता. साध्या माणसाची विधवा झालेल्या खानदानी बाईने खोगीर आपल्या पाठीवर घ्यायचं, नवऱ्याच्या थडग्याशी जायचं, आणि साक्षीदारांसमोर ते खोगीर तीनदा थडग्यावर आपटून म्हणायचं: 'गावंढ्या, घे तुझा गावंढेपणा, माझा खानदानीपणा मला परत दे.' झालं. ती पुन्हा खानदानी. मग तिने मेल्चोरशी लग्न करायचं. त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलांनी ओल्मेदाल हे नाव लावायचं, ज्या नावाला वजन ते नाव लावायची आमच्याकडे पद्धतच आहे. आणि लांडगा कमानीवरून चौकातल्या कोऱ्या चौकोनात यायचा. बदल्यात कासिल्दाला हुंडा, आणि ब्रियांदाच्या दाराला कर नाही. तेव्हा राजाराणी दूर दक्षिणेत ग्रानादा शहराला वेढा घालून बसले होते, आणि वेढ्याचा खर्च तोरेल्बासारख्या गावांच्या चुलीतून निघत होता. खोगीरवाल्यांच्या वाट्याला यंदा दुप्पट कर आला होता.

"आणि फादर, तुम्हाला काय मिळणार?" ब्रियांदाने विचारलं.

"मला? मला काय मिळायचं?" फादर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "छप्पर गळतंय चर्चचं."

"आणि अंतोलीनची फरशी?"

फादरांनी मेल्चोरकडे पाहिलं. मेल्चोरने कासिल्दाकडे पाहिलं. शेवटी फादरच म्हणाले, "खोगीर आपटलं की त्याचं-तुझं नातं सुटलं, पोरी. तुझी जागा कमानीखाली. ती फरशी मग... गरजू पुष्कळ आहेत."

दोघे गेल्यावर कासिल्दा म्हणाली, "हो म्हण, आई."

"तुला हुंडा दिसतोय."

"मला पुढचा हिवाळा दिसतोय. खेचर विकावं लागेल, मग सामान मी पाठीवर नेऊ? आणि बाबांना काय कळणार आहे? उलट ते हसतील. म्हणतील, बायको जन्मभर माझ्या खोगिरात हात घालून बघत होती, शेवटी आपटूनच पाहिलं."

हे अगदी अंतोलीनसारखं बोलणं होतं. दोन दिवसांनी तिने होकार कळवला. होकार कळवल्यावर लगेच तिला वाटलं, कासिल्दालाही मांडीचा एक तुकडा वेगळा पोचलेला असणार.

शनिवारी दुपारी ती आपली नवी जागा बघायला चर्चमध्ये गेली. कमानीखाली मेल्चोर आधीच हजर होता आणि दोरीने ढालीची रुंदी मोजत होता. तिला पाहून तो जराही ओशाळला नाही. "चौकोनात बसतेय," तो आनंदाने म्हणाला. "दोन बोटं कमी, ती चुन्याने भरू."

लहानपणी हा लांडगा तिने खालून, बापाच्या बोटाला धरून पाहिलेला. मेल्चोरने आणलेल्या चौरंगावर चढून ती पहिल्यांदाच त्याच्या तोंडासमोर आली. मग तिने जे ती आयुष्यभर करत आली तेच केलं: हात लावून पाहिला. दगड जुना, झिजलेला, साबणासारखा गुळगुळीत. अंगावर बारीक बारीक गोल वळ्या. कान आडवे पडलेले. पाय आखूड. फक्त तोंडातले दात बोटाला टोचले. सगळा प्राणी झिजला, आणि दात तेवढे काल कोरल्यासारखे धारदार?

ती पुन्हा अंगावरच्या वळ्यांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ही मेंढी आहे."

"हळू बोला," मेल्चोर म्हणाला.

"मेंढी आहे! कुणीतरी नंतर दात कोरलेत. तुम्हाला माहीत होतं?"

"दोन्या, माझा धंदा लोकरीचा. मेंढी मला दारातून ओळखू येते."

"म्हणजे आमचा मूळ पुरुष..."

"आमच्यासारखाच. कुठूनतरी आला, लोकर विकली, आणि एखादी विधवा गाठली." त्याने दोरी गुंडाळली. "पहिल्यांदा मी ही मेंढी पाहिली ना, तेव्हाच ठरवलं, घ्यायची तर हीच. बाकीच्या घराण्यांचं मला सांगता यायचं नाही. पण यांची मेंढी लांडगा झाली, म्हणजे हे जमतं याचा पुरावा इथे दगडावर आहे!"

ब्रियांदा चौरंगावरून उतरली. बापाने या मेंढीपायी नांगराला हात लावला नव्हता. या मेंढीपायी आई उपाशी झोपली होती. आणि उद्या या मेंढीसाठी अंतोलीनच्या छाताडावर खोगीर आपटायचं होतं. त्या रात्री काय झालं ते गावात कोणी सांगत नाही. मला वाटतं, काहीच झालं नसावं. तिने शब्द दिला होता, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास नसणारी माणसं स्वतःचा शब्द फार जपतात.

रविवारी प्रार्थना झाल्यावर कोणी घरी गेलं नाही. एका बाजूला मेल्चोरने आणलेले साक्षीदार, नव्या टोप्या घातलेले. दुसऱ्या बाजूला खेचरवाले, अंतोलीनची जुनी गिऱ्हाईकं आणि मित्र, टोप्या हातात घेऊन. मध्ये शहरातून आणलेला लेखनिक. ब्रियांदा खोगीर पाठीवर घेऊन आली. ते अंतोलीननेच भरलेलं होतं. त्याच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

तिने ते उतरवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर आपटलं. "गावंढ्या, घे तुझा गावंढेपणा," लेखनिकाने शब्द सांगितले, ती पुटपुटली. खेचरवाल्यांपैकी कोणीतरी नाक ओढलं.

तिने दुसऱ्यांदा आपटलं. खोगिराची शिवण कुठे उसवली नाही, पेंढ्याची काडीसुद्धा बाहेर आली नाही. इतकं घट्ट भरलेलं. वीस वर्षं तिने हात घालून तपासलं, त्याचा निकाल असा सगळ्या गावासमोर लागला.

तिने खोगीर उचललं, आणि खाली ठेवलं. हळूच.

"तिसरा," लेखनिक म्हणाला.

"तिसरा नाही."

"बाई, कायद्यात तीन आहेत."

"असतील. मी दोनच मारणार. मेंढीसाठी दोनसुद्धा फार झाले."

चर्चमध्ये गलका झाला. मेल्चोर मात्र शांत होता. तो आपल्या साक्षीदारांकडे वळला. "काय हो मंडळी, तुम्ही किती पाहिले?"

"तीन," पहिला नव्या टोपीवाला म्हणाला.

"तीन," दुसरा म्हणाला. "तिसरा तर केवढ्याने!"

"माझ्या कानात अजून घुमतोय," तिसरा म्हणाला.

"खोटारड्यांनो!" तोरिबिया ओरडली. "दोन! मी इथे उभी आहे, दोन!"

"भट्टीवाल्या बाईची साक्ष खानदानाच्या कामात चालत नाही," लेखनिक म्हणाला.

"मग माझी घ्या," ब्रियांदा म्हणाली. "मारणारी मी आहे. दोन."

"स्वतःच्या कामात स्वतःची साक्ष तर मुळीच चालत नाही, दोन्या," लेखनिक म्हणाला, आणि त्याच्या तोंडचं 'दोन्या' ऐकून सगळ्यांना कळलं की कागद पुरा झाला.

अशा रीतीने ब्रियांदा तिच्या मनाविरुद्ध खानदानी झाली. लग्नाला तिने साफ नकार दिला. त्यावर मेल्चोर म्हणाला, घाई नाही, आधी पाया तर घातला गेला. पुढच्या रविवारी ती पाव-मेणबत्ती घेऊन अंतोलीनच्या फरशीवर बसली, तर चर्चचा सेवक येऊन अदबीने म्हणाला, "दोन्या, तुमची जागा कमानीखाली." ती उठेना. दोघांनी तिला अदबीनेच उचलली आणि मेंढीखाली नेऊन ठेवली. दारापाशी फरशी मोकळी राहिली. चांभाराची बायको तिच्याकडे डोळा लावून होती; तिचा सासरा आजारी होता.

त्या आठवड्यात करवसुलीवाला गल्लीत आला. तोरिबियाच्या दारी थांबला, कुंभाराच्या दारी थांबला, आणि ब्रियांदाच्या दारावरून टोपीला हात लावून पुढे गेला. ब्रियांदा उंबऱ्यात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काही न घेता गेला होता, आणि त्याच्याइतका संशय तिला कुणाचाच आला नाही. मग एकाएकी तिला कळलं, तो का थांबला नाही; आणि तो थांबला तर काय होईल, तेही.

ज्यांच्याकडे पैसे तयार नसत त्यांनी शुक्रवारी चर्चच्या ओसरीत आणून द्यायचे असत. तिथे ब्रियांदा रांगेत उभी राहिली, बरोबर कासिल्दा. दोन खोगिरं अर्ध्या भावात विकून आलेली नाणी फडक्यात बांधलेली. रांगेतल्यांनी वळून वळून पाहिलं. कर द्यायला धडपडणारा माणूस तोरेल्बाने आजवर पाहिला नव्हता.

"तुमचं नाही, दोन्या," वसुलीवाला म्हणाला. "तुम्ही खानदानी."

"घे."

"घेता येत नाही."

"का? खोटी आहेत? चावून बघ."

"खानदानी माणसाचे घ्यायचे नसतात हो! एकदा घेतले की मग तो खानदानी कसला?"

"मग घे की!"

कुणीतरी मेल्चोरला सांगायला पळालं असावं, कारण तो चौकातून धावतच आला, किनारीचा झगा एका हाताने सावरत. "दोन्या! दोन्या, देऊ नका! तुम्ही दिलेत की सगळं गेलं!"

"तेवढ्यासाठीच आलेय," ब्रियांदा म्हणाली.

"मी सांगतो, वर्षाला दोन मांड्या देईन! तीन!" तो वसुलीवाल्याकडे वळला. "आणि तू हात लावलास तर बघ!"

वसुलीवाला बिचारा कचाट्यात सापडला. एका बाजूला गावचा सगळ्यात श्रीमंत माणूस, दुसऱ्या बाजूला नाणी. ग्रानादाचा वेढा, वरून आलेले हुकूम, आणि यंदाची तूट सगळी त्याच्या डोळ्यांसमोर आली असणार. पैसे परत करण्याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलंच नव्हतं. त्याचा हात आपोआप पुढे आला, फडकं उचललं, आणि पिशवीत गेलं.

"पाहिलं!" तोरिबिया किंचाळली. "सगळ्यांनी पाहिलं ना?"

"पाहिलं!" रांग म्हणाली. खेचरवाले म्हणाले, कुंभार म्हणाला, चांभारसुद्धा नाइलाजाने म्हणाला. कराच्या कामात करवाल्यांचीच साक्ष चालते. लेखनिकाला बोलवायची गरजही पडली नाही.

मेल्चोर ओसरीच्या पायरीवर बसला. "अहो, का?" त्याने विचारलं, आणि या वेळी तो खरंच विचारत होता. "लोक यासाठी जीव देतात."

"ते त्यांनी दात तपासले नसतील," ब्रियांदा म्हणाली.

घरी जाताना कासिल्दा म्हणाली, "माझा हुंडा गेला."

"गेला."

"खेचरही जाणार."

"जाईल."

थोडं चालल्यावर कासिल्दा म्हणाली, "त्याच्या तोंडाकडे पाहिलंस का पण?" आणि हसत सुटली, ती घर येईपर्यंत. पुढे तिने एका खेचरवाल्याशीच लग्न केलं. त्याच्याकडे खेचर होतंच.

मेल्चोर फार दिवस बसून राहिला नाही. वर्षाच्या आत नदीपलीकडच्या गावात त्याला दुसरी विधवा मिळाली. तिने तिन्ही तडाखे मारले, आणि म्हणे एक वर मारला. आज चौकातल्या त्या घरात मेल्चोरचे वंशज राहतात. नाव मोठं, जमीन मोठी, आणि चौकोनात एक रानडुक्कर आहे. ते डुक्कर आधी काय होतं, हे कुणी जवळून पाहिलेलं नाही. त्याला शिडी लागते, आणि गावातली उंच शिडी त्यांच्याच घरात आहे.

आणि ब्रियांदा? कर भरल्यानंतरच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये आली. सेवकाने तिला पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. ती दारापाशी अंतोलीनच्या फरशीवर बसली, मेणबत्ती लावली, पाव ठेवला. शेजारी तोरिबिया आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या फरशीवर बसली होती. प्रार्थना सुरू झाली. ब्रियांदाने डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि दोन फरश्यांमधल्या फटीकडे निरखून पाहिलं.

"तोरिबिये," ती कुजबुजली, "तुझा पाव माझ्या हद्दीत आलाय. सरकव."